"चालतंय की अजून", मग सिस्टिम बदलायची कधी?

धंद्यातले कॉम्प्युटर बदलायचे का अजून थोडे दिवस ओढायचे, हा प्रश्न मला सतत कुणीतरी विचारतं, कामच ते आहे माझं, आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. मालक विचारत असतील तर त्यांना "काढा अजून दोन वर्षं" ऐकायचं असतं, अकाउंट्सवाल्या मॅडम विचारत असतील तर "बदलाच ते डबडं" ऐकायचं असतं. मी दोघांनाही उलटं विचारतो, की समजा हे मशीन आज रात्री गेलं, कायमचं गेलं, तर उद्या सकाळी काय करणार? नवीन मशीन कोण उभं करणार, किती तासात, आणि त्यासाठी लागणारं सगळं, म्हणजे सॉफ्टवेअरचा सेटअप, लायसन्स की, ॲडमिनचा पासवर्ड, प्रिंटरचा ड्रायव्हर, डेटाचा बॅकअप, हे नक्की कुठंय?

"दुसरं मशीन पडलंय, बॅकअप टाकू, दुपारपर्यंत बिलिंग चालू" असं उत्तर आलं ना, तर ते मशीन दहा वर्षांचं असलं तरी मी गप्प बसतो. पण "तो सेटअप ज्याने केलेला तो मुलगा सोडून गेला" किंवा "सॉफ्टवेअरवाला आता फोनच उचलत नाही" असं आलं, की मग मशीन गेल्या वर्षी घेतलेलं का असेना, अपग्रेडची वेळ झाली, खरंतर होऊन गेली. नुसतं मशीनचं वय बघून ठरवणारे मला म्हणूनच पटत नाहीत.

आता यावर सगळे म्हणतात बॅकअप आहे आमचा, रोज होतो. होत असेल. पण तो परत टाकून कधी बघितलाय का? एखादा मोकळा दिवस बघून, एक रिकामं मशीन घेऊन, नेटवर्कपासून लांब, त्याच्यावर शून्यापासून सगळं उभं करून बघा. त्यात कुठे कुठे अडकताय ते एका कागदावर लिहीत जा. सेटअपची सीडी आहे पण सीडी ड्राइव्ह नाही, लायसन्स जुन्या मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं आहे, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) जुन्या पॅरलल पोर्टचा आहे आणि तो पोर्ट आता सहसा येतच नाही, प्रोग्राम १६ बिटचा आहे आणि ६४ बिट विंडोजवर तो चालूच होत नाही, असं एकेक बाहेर यायला लागतं. बॅकअप चालू आहे असा हिरवा टिक रोज दिसतोय आणि आत फक्त डेस्कटॉपच्या फाइली जातायत, डेटाबेस वेगळ्याच ड्राइव्हवर आहे, हेही बघितलंय मी. तर हा जो कागद तयार होतो ना, तीच तुमची अपग्रेडची यादी, आणि कुठलं काम आधी करायचं तेही तोच सांगतो. त्यासाठी कन्सल्टंट लागत नाही (हे लिहून मी स्वतःच्याच पोटावर पाय देतोय, पण असो).

स्लो झालंय, हे मला सांगितलं जाणारं एक नंबरचं कारण, आणि माझ्या मते सगळ्यात कच्चं कारण. स्लो म्हणजे नक्की काय स्लो? मशीन चालू व्हायला वेळ लागतो का, का एकच रिपोर्ट काढताना लटकतं, का सकाळी ठीक असतं आणि सगळे बसले की रडतं? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, डिस्क १०० टक्क्यावर चिकटून बसली असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, रॅम चार जीबीची आठ करा, आणि मग बोला. बाकी काही न बदलता अर्ध्या ऑफिसची कटकट थांबते याच्याने. एका ऑफिसमध्ये सगळे पीसी बदलायचं पक्कं ठरलेलं, कोटेशनसुद्धा आलेलं, आणि दुखणं निघालं टेबलाखाली धूळ खात पडलेल्या एका जुन्या नेटवर्क स्विचचं, म्हणजे सगळे पीसी एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचं, सगळा डेटा त्याच्यातून जायचा आणि ते बिचारं मान टाकत होतं. नवे पीसी आले असते तरी ते त्याच स्विचला लागले असते. त्यामुळे स्लो म्हटलं की आधी मोजायचं. दोन दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर चाललेत का तेही बघायचं, हसू नका, असतात.

उलट जे खरं धोक्याचं असतं ते स्लो नसतंच, ते गपचूप असतं. याचं माझं आवडतं, म्हणजे आवडतं कसं म्हणायचं, पण डोक्यात बसलेलं उदाहरण २०२० सालचं इंग्लंडमधलं आहे. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही तिथली तेव्हाची सरकारी आरोग्य संस्था, कोविडच्या टेस्टचे निकाल लॅबकडून यायचे आणि ते एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ओढले जायचे. त्या फॉरमॅटमध्ये एका शीटवर ६५,५३६ ओळी मावतात, त्याच्या पुढच्या ओळी सरळ गळून जातात. त्यात एका पेशंटच्या अनेक ओळी, त्यामुळे एका फाइलमध्ये साधारण १,४०० केसेसच बसायच्या. सप्टेंबरच्या शेवटी आकडे वाढले आणि १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस मोजणीतून आणि पुढच्या कॉन्टॅक्ट ट्रेसिंगमधून राहून गेल्या. नवीन एक्सएलएसएक्स फॉरमॅट २००७ पासून उपलब्ध होता, त्याच्यात १०,४८,५७६ ओळी मावतात. (तोही डेटाबेस नव्हेच, पण निदान तेव्हा तरी निभावलं असतं.) सिस्टिम बंद पडली नव्हती, हँग झाली नव्हती, कुणी स्लो म्हणून तक्रार केली नव्हती. चालतंय की!

अशा भिंती तुमच्याकडेही असू शकतात आणि त्या आजच्या आज बघता येतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर बनवलेलं जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेसची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती वापरत असाल, आणि छोट्या धंद्यातली बरीच सॉफ्टवेअर तीच वापरतात, तर २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की आहे तो डेटा दिसत राहतो पण नवीन काही सेव्ह होत नाही, आणि हे घडतं ऐन कामाच्या वेळी कारण डेटा तेव्हाच भरत असतो. फाइलची साइज बघायची, गेल्या वर्षीच्या बॅकअपमधल्या फाइलची साइज बघायची, फरक काढायचा, अजून किती दिवस पुरेल त्याचा अंदाज येतो. इतकं साधं गणित आहे आणि कुणी करत नाही.

दुसरी खूण माणसांकडे बघून कळते. सिस्टिम असूनही स्टॉकवाला वेगळी वही ठेवतो. एका सॉफ्टवेअरमधून एक्सेल काढून, दोन कॉलम हाताने सरकवून, दुसऱ्यात टाकायचं काम कुणीतरी रोज करतं आणि ते काम फक्त त्यालाच येतं. "मी फाइल उघडलीये, तुम्ही उघडू नका" असं ओरडून सांगितलं जातं. वर्ष संपलं की डेटा तोडून सॉफ्टवेअरमध्ये नवीन कंपनी बनवायची आणि जुन्या वर्षाचं काही बघायचं तर आधी यातून बाहेर पडायचं. लोकांना याची इतकी सवय होते की विचारलं तर प्रॉब्लेम काहीच नाही म्हणतात, म्हणून विचारायचं नाही, शेजारी खुर्ची टाकून तासभर बसायचं आणि बघायचं. त्या वहीत जे लिहिलं जातं ते तुमच्या सिस्टिमला जमत नाहीये, बस. आणि तो जो एकटा माणूस आहे, तो रजेवर गेला की काय होतं तेही एकदा बघून ठेवा.

आता तारखांचं. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही. या तारखा वर्षानुवर्षं आधी जाहीर असतात तरी दर वेळी शेवटच्या महिन्यात फोन सुरू होतात. सपोर्ट संपला म्हणजे मशीन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, सगळं तसंच चालतं, फक्त यापुढे जे भोक सापडेल ते बुजवायला कुणी येणार नाही. आणि भोकं सापडतातच. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवत असेल, मशीन लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, १५० च्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त मशीन लॉक झाली, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. बरेच जण अजून सांगतात की ते जुन्या एक्सपीमुळे झालं. खरं म्हणजे ज्यांना लागण झाली त्यातली बहुतांश मशीन विंडोज ७ ची होती, ज्याचा सपोर्ट तेव्हा व्यवस्थित चालू होता, आणि ते भोक बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी मार्चमध्येच दिला होता. तो टाकला नव्हता. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने मग घाईघाईने खास पॅच काढला ती गोष्ट वेगळी. मला सांगायचंय ते एवढंच की नवीन सिस्टिम घेऊन अपडेट बंद करून ठेवणार असाल, आणि "अपडेटनंतर प्रिंटर चालत नाही" म्हणून बंद करणारे खूप आहेत, तर अपग्रेडवर पैसे घालवून सुरक्षेच्या बाबतीत फारसं काही मिळवलं नाही.

विंडोज १० वाल्यांची अडचण जरा वेगळी आहे कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा, त्यामुळे चांगली चालणारी सातव्या पिढीची मशीनसुद्धा बाद होतात. हे मला स्वतःला पटलेलं नाही, पण माझ्या पटण्याने काय होतंय. नियमाला वळसा घालून टाकता येतं विंडोज ११, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, पण धंद्याच्या मशीनवर ते करू नका, पुढचा एखादा मोठा अपडेट कधी अडेल सांगता येत नाही. धंद्यांसाठी पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट विकत घेता येतात आणि त्याची किंमत दर वर्षी दुप्पट होत जाते. एखाद वर्ष घेणं शहाणपणाचं आहे, तारीख ठरवून नीट बदल करायला वेळ मिळतो. तिसऱ्या वर्षापर्यंत ओढणं म्हणजे नवीन मशीनचे पैसे जुन्या मशीनवर घालणं.

काही मशीन मात्र खरोखर बदलू नयेत. कारखान्यातल्या मोठ्या यंत्राला किंवा लॅबमधल्या महागड्या उपकरणाला जोडलेला जुना पीसी असतो, त्याचा ड्रायव्हर फक्त एक्सपीवर चालतो, बनवणारी कंपनी म्हणते नवीन उपकरण घ्या, आणि उपकरण अजून ठणठणीत आहे. तिथे मी म्हणतो राहू दे. पण नुसतं राहू दे नाही, त्याचं इंटरनेट काढायचं, बाकीच्या नेटवर्कपासून तोडायचं, पेन ड्राइव्ह एकच आणि तोही तपासून, डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढून दोन ठिकाणी ठेवायची, आणि त्याच मॉडेलचा एक जुना पीसी कुठून मिळाला तर पार्टसाठी कपाटात ठेवायचा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मेट्रोची ट्रेन कंट्रोल सिस्टिम १९९८ पासून सव्वापाच इंची फ्लॉपीवर चालू व्हायची आणि गाड्या वर्षानुवर्षं धावत होत्या. बदलायचं ठरवलं तेव्हाही कारण हेच होतं की दर वर्षी धोका वाढतोय आणि ती जुनी सिस्टिम समजणारी माणसं मिळेनाशी झालीयेत.

उशीर किती महागात पडतो याचं उदाहरण हवं असेल तर साउथवेस्ट एअरलाइन्स, डिसेंबर २०२२. मोठं हिमवादळ आलं, सगळ्याच अमेरिकन विमान कंपन्या कोलमडल्या, बाकीच्या दोन चार दिवसात सावरल्या आणि साउथवेस्टची १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली, कारण कुठला पायलट कुठे अडकलाय आणि त्याला कुठल्या विमानावर टाकायचं हे ठरवणारी सिस्टिम एवढे बदल एकदम पेलू शकली नाही, लोक फोन लावून तासन्‌तास थांबून राहिले. कर्मचाऱ्यांच्या युनियन हे आधीपासून सांगत होत्या. वर्षभराने सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. पण एरवीच्या दिवशी ती सिस्टिम बघून बाकी कुणालाच वाटलं नसतं बदलावी म्हणून.

पण म्हणून उठून लगेच बदला असंही नाही, कारण घाईचं उदाहरण त्याहून मजेशीर आहे. हर्शी, चॉकलेटवाले. १९९९ मध्ये त्यांनी जुनी सिस्टिम काढून तीन वेगवेगळ्या कंपन्यांची नवीन सॉफ्टवेअर एकदम चालू केली, चार वर्षांचं म्हणून सांगितलेलं काम अडीच वर्षांत बसवलं, आणि एप्रिलमध्ये व्हायचं ते रखडत रखडत जुलैमध्ये चालू झालं. जुलै म्हणजे हॅलोविनच्या ऑर्डरी यायला सुरुवात होते तो काळ, चॉकलेटवाल्याचा खरा सीझन! गोदामात माल पडलेला आणि सिस्टिमला तो दिसेना, १० कोटी डॉलरच्या वर ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. सॉफ्टवेअर वाईट होतं असं नाही, पुढे तेच नीट चाललं. एप्रिलची तारीख हुकली तेव्हाच सीझन होऊन जाईपर्यंत थांबायला हवं होतं, पण एवढा खर्च झालेला असताना "थांबा" म्हणायची कुणाची छाती होत नाही.

त्यामुळे कधी याचं माझं उत्तर दोन भागात असतं. काय बदलायचं ते तो वर सांगितलेला कागद ठरवतो, आणि कुठल्या महिन्यात ते तुमचा सीझन ठरवतो. तुमच्या धंद्याचा सगळ्यात मंद महिना कुठला? त्याच्या सुरुवातीला नवीन सिस्टिम चालू झाली पाहिजे, तिथून उलटं मोजत या. डेटा साफ करायला धरता त्याच्या दुप्पट वेळ धरा, एकाच गिऱ्हाईकाची चार स्पेलिंगची चार खाती असतात आणि ती कुठली एक करायची हे व्हेंडर, म्हणजे सिस्टिम विकणारा, सांगू शकत नाही, तुमच्याच माणसाला बसावं लागतं. एक महिनाअखेर दोन्ही सिस्टिमवर काढा, आकडे जुळले तरच जुनी सोडा. दोन दोन एंट्र्या मारायला लोक शिव्या घालतात, घालू द्या. आणि मशीन, सॉफ्टवेअर, कामाची पद्धत, तिन्ही एकाच आठवड्यात बदलू नका, कारण मग काही बिघडलं की कशामुळे ते कुणालाच कळत नाही, हार्डवेअरवाला सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो, सॉफ्टवेअरवाला नेटवर्ककडे, आणि तुम्ही मध्ये.

बदलाच्या दिवसासाठी एक गोष्ट आधी लिहून ठेवायची, किती वाजेपर्यंत जमलं नाही तर परत जुन्यावर जायचं आणि हे कोण सांगणार. त्या क्षणी प्रत्येकाला वाटत असतं अजून अर्धा तास दिला तर होईल. तो अर्धा तास पहाटेपर्यंत चालतो. शुक्रवारी संध्याकाळी करावं का, असं विचारतात, म्हणजे शनिवार रविवार हाताशी. चालेल, पण व्हेंडरचा माणूस रविवारी फोन उचलणार आहे हे आधी लेखी घ्या.

व्हेंडरवरून आठवलं. त्याचं "सर, आता क्लाउडवरच या" हे वाक्य चुकीचं नसतं दर वेळी, बऱ्याच छोट्या धंद्यांना स्वतःचा सर्व्हर सांभाळणं जमत नाही आणि तिथे क्लाउड बरा. पण सही करायच्या आधी त्याला एवढंच विचारायचं की मला पुढे तुम्हाला सोडून जायचं असेल तर माझा सगळा डेटा मला कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसात आणि किती पैशात मिळेल. तिथे तो अडखळला तर तुम्ही आज ज्या जुन्या सिस्टिममध्ये अडकलाय तशाच नव्या सिस्टिममध्ये अडकायला निघालाय.

साध्या पीसींच्या बाबतीत मी सगळे एकदम घेण्याच्या विरोधात आहे. दर वर्षी पाव हिस्सा बदलत जायचा, शक्यतो एकाच मॉडेलचे, म्हणजे पार्ट एकमेकांना चालतात आणि खर्चही एकदम अंगावर येत नाही. सगळ्यात नवीन मशीन साहेबांच्या केबिनमध्ये जातं आणि त्याच्यावर ईमेल वाचले जातात, आणि दिवसभर एंट्री मारणाऱ्याला साहेबांचं उतरलेलं मिळतं, ही पद्धत मात्र बंद करा राव.

आणि बदल झाला की जुनं मशीन लगेच भंगारात देऊ नका. नेटवर्कवरून काढून, वर चिठ्ठी लावून, एक वर्षअखेर होऊन जाईपर्यंत तसंच ठेवा, ऑडिटच्या वेळी कुणीतरी असा एखादा रिपोर्ट मागतो जो नव्या सिस्टिममध्ये नेलाच नव्हता. मग देताना डिस्क काढून घ्या. नुसतं क्विक फॉरमॅट मारून दिलेल्या डिस्कवरून डेटा परत काढता येतो, फिरती हार्ड डिस्क असेल तर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर चालवा किंवा ड्रिलने भोक पाडा, एसएसडी असेल तर बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनमध्येही डिस्क असते बऱ्याचदा, तीही बघा.